बाई, तुमची चूक लिहायची राहिली

बाई,

तुमच्या मेधाचा परवा फोन आला. "सुनंदामावशी, आईच्या ब्लॉगवर आईबद्दल कुणीतरी लिहायला हवं. तुम्हीच लिहा. चांगलं लिहा." तिचा आवाज बसलेला होता, म्हणून मी हो म्हटलं. नाहीतर तिला सांगितलं असतं की तुझ्या आईने आम्हाला या ब्लॉगवर चांगलं लिहायला कधी शिकवलंच नाही. 'छान झालं' असे शब्द कुणाच्या पोस्टमध्ये दिसले की खाली तुमची कमेंट हजर: "किती छान? इंचात सांग."

तुम्ही गेलात त्या दिवशी सगळं मीच बघितलं. कुणाला फोन करायचे, खुर्च्या कुठून आणायच्या, चहा कोण करणार, बाहेरगावाहून येणाऱ्यांना अंबरनाथ स्टेशनवरून घरापर्यंत कोण आणणार. हातात यादी होती. यादी संपेपर्यंत मला दुसरं काही सुचत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. रडणं त्या यादीत नव्हतं, त्यामुळे ते राहून गेलं.

मग शोकसभा झाली. महिला मंडळाच्या त्याच सभागृहात, जिथे आपला वर्ग भरायचा. एकेक जण उठून सांगत होती, बाई किती मायाळू होत्या, किती सांभाळून घ्यायच्या, कुणाचं मन कधी दुखवलं नाही. माझ्या शेजारी मोरिवलीची जयश्री बसली होती. ती माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "या कंच्या बाईंबद्दल बोलतात गो?"

तेव्हा मला हसू आलं. आणि लगेच राग आला. कारण तुम्ही हे ऐकायला असता तर त्या बोलणाऱ्या बाईला तिथल्या तिथे विचारलं असतंत, "कधी? कुठे? एक उदाहरण दे."

म्हणून ही पोस्ट. मायाळू वगैरे इथे मिळणार नाही. आपलं भांडण चालू होतं आणि तुम्ही मध्येच उठून गेलात. माझं बोलून झालेलं नव्हतं.

सुरुवातीपासून सांगते, कारण हा ब्लॉग वाचणाऱ्या नव्या मुलींना काही माहीत नसेल.

मोरिवलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मी स्टोअर सांभाळत होते. नटबोल्ट, गॅस्केट, हातमोजे, कुठल्या कप्प्यात काय आणि किती, हे झोपेतून उठवलं तरी सांगता यायचं. मग कंपनीला टाळं लागलं. पंचेचाळिशीनंतर स्टोअरकीपर बाईला दुसरीकडे कुणी घेत नाही. शिवण येत होती, पण आमच्या बेलवलीत घरोघर शिवण येते. ब्लाऊज शिवणाऱ्या बायका आमच्या एका बिल्डिंगमध्ये तीन आहेत. तेव्हा कळलं की उल्हासनगरच्या जीन्सच्या कारखान्यांत पॅटर्न कापणाऱ्याला फार मान असतो. बाकी सगळे शिवतात, तो ठरवतो. त्याला मास्तर म्हणतात, आणि ते सगळे पुरुष. मी यादीत लिहिलं: पॅटर्न कटिंग शिकणे. आणि तुमच्या वर्गात येऊन बसले.

पहिल्याच दिवशी तुम्ही म्हणालात, "वह्या पिशवीत ठेवा."

आम्ही एकमेकींकडे बघितलं. मी तर नव्या वहीला कव्हर घालून आणलं होतं.

"वहीत माणूस स्वतःशी खोटं बोलतो," तुम्ही म्हणालात. "चूक झाली की पान उलटतो. आपण सगळ्या मिळून एक ब्लॉग लिहिणार आहोत. इंटरनेटवर. मराठीत. प्रत्येकीने दर आठवड्याला एक पोस्ट टाकायची."

जयश्री म्हणाली, "बाई, मना शिलाईचं मशीन येतं. त्या कॉम्प्युटरचं नाय जमत."

"शिलाईचं मशीन पोटातून शिकून आली होतीस का?"

जयश्रीने वही पिशवीत घातली. तुम्ही स्वतः पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाल्यावर, साठीच्या पुढे, कॉम्प्युटर शिकला होतात. त्याचा तुम्हाला गर्व होता. तो तुम्ही कधी लपवला नाही, एवढं मान्य.

ब्लॉगचं नाव तुम्हीच ठेवलंत, 'उसवण'. कारण उल्हासनगरचा धंदाच उसवण्यावर उभा आहे. चांगल्या कंपनीची पँट आणायची, ब्लेडने प्रत्येक शिवण उसवायची, सुटे झालेले तुकडे खाकी कागदावर ठेवायचे आणि पेन्सिल फिरवायची, की झाला पॅटर्न तयार. तुम्ही आम्हालाही तसंच शिकवलंत. दोन महिने आम्ही काही शिवलं नाही, फक्त उसवलं. माझ्या मिस्टरांनी एकदा विचारलं, "तिथे फी भरून कपडे फाडायला शिकवतात का?" मी ते तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "फाडत असशील तर चुकतंय तुझं. धागा तुटला पाहिजे, कापड नाही."

पोस्टमध्ये चार गोष्टी हव्यात असा नियम होता. काय करायचं होतं, काय झालं, कुठे चुकलं, पुढच्या वेळी काय करायचं. फोटोत टेप दिसलाच पाहिजे. आणि सगळ्यात मोठा नियम: ज्याची चूक त्यानेच लिहायची. दुसऱ्याची चूक कुणी लिहायची नाही.

या नियमाचं काय करायचं ते मी शेवटी सांगते.

अंबरनाथ स्टेशनजवळच्या सायबर कॅफेत मी आणि जयश्री वर्ग सुटल्यावर जायचो. एका खुर्चीवर दोघी. तिथला मालक म्हणायचा, "मावशी, एका माणसाचंच भाडं देता आणि दोन माणसं बसता." जयश्री म्हणायची, "अर्धी-अर्धी बसलोय, मोज." इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवायचं. 'ज्ञ' कुठे लपलाय ते कळेपर्यंत दिवाळी आली. तोपर्यंत मी 'ज्ञ' असलेला शब्दच वापरत नव्हते. भारनियमनाची वेळ पाठ होती तरी गप्पांत विसरायला व्हायचं. लाइट गेली की निम्मी पोस्ट गेली. पुन्हा लिहायला बसलं की पहिल्यापेक्षा लहान व्हायची आणि बरी व्हायची. हे तुम्ही सांगितलं नव्हतं, ते वीजमंडळाने शिकवलं.

काय शिकले ते खोटं कशाला बोलू. शेजारी उभ्या नसलेल्या बाईला नुसत्या शब्दांवरून खिसा कापता येईल असं लिहायला शिकले. स्टोअरमध्ये वीस वर्षं मी लिहीत होते, पण ते मलाच कळायचं. फोटो काढताना उजेड कुठून घ्यायचा हे शिकले. आणि चूक समोर टेबलावर ठेवून, न रडता, न चिडता, टेप लावून मोजायला शिकले. हे शेवटचं मला आयुष्यात कुणी शिकवलं नव्हतं. ते तुमच्याकडून आलं आणि त्याबद्दल मी ऋणी आहे. लिहिलं. आता पुढे.

वर्ग संपत आला होता तेव्हा तुम्ही एका छोट्या युनिटकडून नमुन्याचं काम आणलंत. एक डझन जीन्स. पॅटर्न मी करायचा. कोरं डेनिम धुतल्यावर आटतं, त्यामुळे पॅटर्न तेवढा मोठा ठेवावा लागतो. किती मोठा, ते कळायला आधी कापडाचा तुकडा धुऊन बघायचा. हे मला माहीत होतं. मी चौकोनी तुकडा कापला, चारी बाजू मोजल्या, बेलवलीला घरी नेला, बादलीत साबण घालून धुतला, गॅलरीत वाळवला, परत मोजला. उभ्या बाजूला जेवढा आटला तेवढं जास्त धरून पॅटर्न कापला. वर्गात माझ्यासारखं शिस्तीत कुणी काही केलं नव्हतं. मला तेव्हा माझं फार कौतुक वाटलं होतं.

पँटी शिवून उल्हासनगरला वॉशिंगवाल्याकडे गेल्या. तिथे मोठाल्या ड्रममध्ये उकळतं पाणी असतं आणि पाण्यात दगड असतात. दगडांवर कापड घासून घासून ते जुन्यासारखं दिसायला लागतं, हीच त्याची फॅशन. माझ्या बादलीतल्या गार पाण्यात जेवढं आटलं होतं त्याच्या कितीतरी पट तिथे आटलं. बाराच्या बारा पँटी घोट्याच्या वर आल्या. जयश्रीने एक उचलून अंगाला लावली आणि म्हणाली, "चिखलोलीच्या बंधाऱ्यावर मासं धराला चांगल्या हायत."

सगळ्या हसल्या. मीही हसले. त्या सभागृहात हसता यायचं.

मी पोस्ट लिहिली. नाव दिलं 'आखूड'. चारही गोष्टी लिहिल्या, बाराही पँटी ओळीने दोरीवर टांगून फोटो काढला, शेजारी टेप. कुठे चुकलं: तुकडा घरच्या पाण्यात धुतला. पुढच्या वेळी: तुकडा त्याच ड्रममध्ये, त्याच पाण्यात, त्याच दगडांबरोबर धुवायचा.

खाली तुमची कमेंट आली. एकच शब्द: "उत्तम."

वर्षभरात कुणालाही न मिळालेला शब्द. मी मिस्टरांना सायबर कॅफेत नेऊन दाखवला. ते म्हणाले, "एवढ्या पँटी बिघडवल्यास आणि बाई उत्तम म्हणतात?" मी म्हटलं, "तुम्हाला नाही कळायचं."

त्यांना बरोबर कळलं होतं.

उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधल्या एका कारखान्यात जागा निघाली, ती तुम्हीच शोधलीत. पॅटर्न मास्तरच्या हाताखाली, आणि मास्तर म्हातारा, म्हणजे दोन वर्षांत मीच मास्तर. मी चार पॅटर्न घेऊन गेले. शेठने ते उजेडात धरून बघितले. माणूस चांगला होता, मला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. शेजारी त्याचा पुतण्या कॉम्प्युटरवर बसला होता.

"बहनजी, काम आपका साफ है," शेठ म्हणाला. "लेकिन ये जो आपने लिखा है..."

पुतण्याने स्क्रीन माझ्याकडे वळवली. दोरीवर माझ्या बारा पँटी.

मी म्हटलं, "वो सँपल था, शेठ. सीख रही थी."

"हाँ, हाँ. पर मेरे यहाँ एक लॉट में हज़ार पीस निकलता है. वो छोटा हो गया तो मैं किसको पहनाऊँ?"

पुतण्या म्हणाला, "चाचा, थ्री-फोर्थ बोलके बेच देंगे."

शेठने त्याला दटावलं. मग मला म्हणाला, "बुरा मत मानना. आपकी टीचर ने बहुत तारीफ की आपकी. उन्होंने ही भेजा, बोला ये ज़रूर पढ़ो."

पोस्ट तुम्ही पाठवली होतीत, बाई. मला न विचारता.

तिथून मी सरळ तुमच्या घरी आले. तुम्ही शेंगा सोलत होतात. मी उभ्यानेच विचारलं, "त्या शेठला ती पोस्ट का दाखवलीत?"

"अगं, तुझं सगळ्यात चांगलं काम आहे ते."

"बिघडलेलं काम आहे ते."

"बिघडलं कसं, ते इतकं नेमकं सांगणारी बाई त्याला सगळ्या उल्हासनगरात मिळणार नाही. त्याला अक्कल असती तर त्याने तेवढ्यावर तुला ठेवलं असतं."

"त्याला अक्कल आहे की नाही ते मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. मला विचारायचं होतं."

"त्यात लपवायचं काय आहे, सुनंदा?"

हा प्रश्न तुम्ही इतक्या निर्मळपणे विचारलात की मला खाली बसावं लागलं.

तेव्हा मी तुम्हाला माझ्या वडिलांचं सांगितलं. ते फिटर होते. आमच्या घराण्यात कारखान्यात शिरलेले पहिले. त्यांनी आम्हा भावंडांना एकच गोष्ट बजावून ठेवली होती: आपली चूक चारचौघांत आपल्या तोंडाने सांगायची नाही. दुसऱ्याच्या हातून पाना निसटला तर पाना निसटतो. आपल्या हातून निसटला तर म्हणतात, ही माणसं अशीच, यांना कोणी घेतलं कामावर. तुमची चूक तुमच्या एकटीच्या नावावर पडते, बाई. माझी माझ्या सगळ्या माणसांच्या नावावर पडते. तरी मी लिहिली. तुमच्या वर्गात, तुमच्यावर भरवसा ठेवून लिहिली. ती कुठे न्यायची हे ठरवायचा हक्क माझा होता.

तुम्ही शेंगा बाजूला ठेवल्यात. मग म्हणालात, "मी तुझ्याकडे त्या दृष्टीने कधी पाहिलंच नाही गं."

"तेच सांगतेय," मी म्हटलं. "पाहिलं असतंत तर विचारलं असतंत."

तुम्हाला ते लागलं. मला ते दिसलं. पण तुम्ही मान्य केलं नाहीत. मी म्हटलं, "बाई, या ब्लॉगवर वर्गातल्या प्रत्येकीची चूक आहे. तुमची एकही नाही. ही लिहा. चार ओळींत लिहा. मला दुसरं काही नको."

"ही चूक नव्हे. हा त्या शेठचा अडाणीपणा आहे. आणि तो शिकणाऱ्यांचा ब्लॉग आहे, मी शिकवते."

"मग माझी पोस्ट काढा."

"ती काढणार नाही. तिच्याइतकी उपयोगाची दुसरी नाही."

मी उठले. त्या दिवसापासून 'उसवण'वर एकही पोस्ट लिहिली नाही, आजपर्यंत.

काम मला नंतर मिळालं, कॅम्प चारमध्ये, लहानशा युनिटमध्ये. तिथल्या शेठला मराठी वाचता येत नाही, याची आधी खात्री करून घेतली. तिथे माझं चांगलं चाललंय. पण बाई, तुम्ही लावलेली खोड जात नाही. प्रत्येक पॅटर्नच्या मागे पेन्सिलने मी अजून लिहिते, कुठे चुकलं, पुढच्या वेळी काय. लिहून झालं की चिडते, कारण आवाज तुमचा असतो. पेन्सिल ठेवते आणि मनात म्हणते, मोजलं हो, मोजलं. इंचातच मोजलं.

मधल्या काळात आपण भेटायचो. लग्नात, मंडळाच्या हळदीकुंकवाला. मला बोलावणं असायचं, मी यायचे, तिळगूळ घ्यायचे. आपण बटणांबद्दल बोलायचो, धाग्याचे भाव वाढल्याबद्दल बोलायचो. तुम्ही दर वेळी विचारायचात, "लिहीत का नाहीस?" आणि मी दर वेळी म्हणायचे, "तुम्ही आधी." तुम्ही मान वळवायचात. लोकांना वाटायचं या दोघींची थट्टामस्करी चाललीय.

तुम्ही आजारी पडलात तेव्हा मी मऊ भात आणि मुगाचं कढण घेऊन आले. दुसऱ्या खेपेला आले तेव्हा अंगाने निम्म्या झाला होतात. मी ठरवून आले होते की आज तो विषय काढायचा नाही. मी काढला नाही. तुम्ही काढलात.

"तुझी ती 'आखूड'," तुम्ही म्हणालात, "अजून सगळ्यात जास्त तीच वाचतात."

मी म्हटलं, "हेच सांगायचं होतं?"

तुम्ही काहीतरी जुळवत होतात, मला दिसत होतं. ओठ हलले. मी थांबले. अगदी दाराशी जाऊन थांबले, कारण मला वाटलं आता येतं. मागून हाक आली, "सुनंदा."

"काय?"

"डबा राहिला तुझा."

डबा! मी परत आले, डबा उचलला. तो पहिल्या खेपेचा होता, धुऊन, पुसून, झाकण घट्ट लावून ठेवलेला. मेधा म्हणाली, आईने स्वतः उठून धुतला, मला हात लावू दिला नाही. मी काय करू त्या डब्याचं, बाई? मला डबा नको होता. मला चार ओळी हव्या होत्या. धुतलेल्या डब्याला मी माफी समजावं अशी तुमची अपेक्षा असेल, तर तुम्हीच शिकवलंय की अंदाजाने काही धरायचं नाही.

परवाच्या फोनवर मेधाने आणखी एक विचारलं. "मावशी, ब्लॉग आता माझ्या हातात आहे. तुमची ती पोस्ट काढून टाकू का? आईचं आणि तुमचं त्यावरून काही होतं, एवढं मला माहीत आहे."

एवढी वर्षं मी जे मागत होते ते एका फोनवर मिळत होतं. मी तिला म्हटलं, उद्या सांगते. मग बऱ्याच काळाने पहिल्यांदा ती पोस्ट उघडून वाचली. नीट लिहिली आहे. फोटो थोडा हलला आहे. खाली कुठल्याशा मुलीने प्रश्न विचारून ठेवलाय: घरीच पाणी उकळून त्यात तुकडा किती वेळ ठेवायचा? उत्तर कुणी दिलेलं नाही. तुम्ही आजारी होतात आणि मी रुसलेली होते. ती मुलगी तुकडा घरीच उकळत बसली असेल. तिचाही लॉट आखूड होणार.

मी आधी तिला उत्तर लिहिलं. घरी उकळू नकोस, वेळेचा प्रश्न नाही, ज्याच्याकडे माल धुवायला जाणार त्याच्याच ड्रममध्ये तुकडा टाक. मग मेधाला सांगितलं, पोस्ट राहू दे. याचा अर्थ तुमचं बरोबर होतं असा नाही. पोस्ट उपयोगाची आहे हे मी कधीच नाकारलं नव्हतं. ती तुमची नव्हती, एवढंच माझं म्हणणं होतं. आता ती राहायची ते मी ठरवलंय म्हणून राहील.

आता तो नियम. ज्याची चूक त्यानेच लिहायची. मी तो आज मोडते आहे, कारण जिची चूक होती तिने लिहिली नाही आणि आता ती लिहू शकत नाही. तुमच्याच रिवाजाप्रमाणे लिहिते.

काय करायचं होतं? एका विद्यार्थिनीला काम मिळवून द्यायचं होतं. अगदी मनापासून. याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती, आजही नाही.

काय झालं? ते काम गेलं. त्याहून वाईट म्हणजे, लिहायला शिकलेली एक बाई लिहायची थांबली. तुम्हाला या दुसऱ्या गोष्टीचंच जास्त वाईट वाटलं होतं, ते मला ठाऊक आहे. मला पहिलीचं वाटलं होतं. घरी पगार आणायचा होता मला.

कुठे चुकलं? तुकडा घरच्या पाण्यात धुतला. त्या सभागृहात आमच्या चुकांना आम्ही हसत होतो आणि कुणी कुणाला कमी लेखत नव्हतं. ते पाणी तुम्ही तापवून, गाळून, आमच्यासाठी तयार केलेलं होतं. त्यात आम्ही आटलो नाही, म्हणून तुम्ही धरलंत की कुठेच आटणार नाही. बाहेर पाणी उकळतं असतं आणि त्यात दगड असतात. ते सगळ्यांना सारखं लागत नाही. तुम्हाला ते कधी लागलंच नव्हतं, त्यामुळे तुमच्या मोजण्यात ते आलं नाही. तुमच्याएवढं काटेकोर मोजणारी बाई मी पाहिली नाही, आणि चूक मात्र अगदी माझीच केलीत. शेजारी टेप धरून फोटो काढावा इतकी तीच.

हे तुम्हाला समोर बसून सांगायचं होतं. तुम्ही म्हणाला असतात, "हं." मग म्हणाला असतात, "बरोबर आहे, पण." आणि त्या 'पण'वरून आपण संध्याकाळपर्यंत भांडलो असतो. तुम्ही चहा टाकला असता. माझी बस चुकली असती. एवढं माझ्या यादीत होतं, बाई. बऱ्याच काळापासून होतं. खोडायचं कसं ते मला माहीत नाही.

राहिली चौथी गोष्ट, पुढच्या वेळी काय करायचं. ती ओळ मी मोकळी सोडते आहे. तुमच्यासाठी एवढं सगळं लिहिलं, पण ती तुमची आहे. ती मी भरणार नाही.